तेच गाणे पुन्हा : योगायोग, आवृत्ती आणि आपली आवड

१. प्रास्ताविक



रेडिओ ऐकणाऱ्यांचे काही अनुभव असे असतात की, ते इतरांना सांगितल्यावाचून राहवत नाही. सकाळी एखाद्या गाण्याची आठवण होते आणि दुपारी रेडिओ सुरू करताच नेमके तेच गाणे लागलेले असते. एका केंद्रावर चालू असलेले गाणे सोडून दुसरे केंद्र लावावे, तर तिथेही तेच. दुकानाचे दार उघडण्याच्या वेळी लागोपाठ चार दिवस एकच गाणे कानी पडते. अशा वेळी आपल्या तोंडून दोनपैकी एक वाक्य बाहेर पडते. ‘काय योगायोग आहे!’ हे पहिले, आणि ‘यांच्याकडे दुसरी गाणीच नाहीत का?’ हे दुसरे. पहिल्यात नवल आहे, दुसऱ्यात वैताग. वर्णन मात्र दोन्ही वाक्ये एकाच गोष्टीचे करतात.

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती, दुकान किंवा घरकाम सांभाळून अभ्यास करतात. त्यामुळे रेडिओ तुम्ही मुद्दाम बसून ऐकत असाल असे नाही. तो कामाच्या जोडीला, शिवणयंत्राशेजारी, रिक्षात, कारखान्याच्या उपाहारगृहात वाजत असतो. अशा न निवडलेल्या ऐकण्याचा आपल्या आवडीवर आणि भाषेवर खोल परिणाम होतो. म्हणूनच या विषयाकडे केवळ करमणुकीचा विषय म्हणून पाहता येणार नाही. प्रस्तुत लेखात पुढील मत मांडले आहे : ज्याला आपण योगायोग म्हणतो त्यातील बराचसा भाग गणिताचा आणि नियमाचा असतो, आवृत्ती हा स्वतः दोष नाही, उलट ती एक शक्ती आहे, आणि ही शक्ती आज जवळजवळ पूर्णपणे जुन्या ओळखीच्या गाण्यांवर खर्च होते, हे मराठी गाण्याच्या दृष्टीने नुकसानीचे आहे.

२. योगायोगाचे गणित

‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ ही म्हण तुम्हाला परिचित आहे. संस्कृतात यालाच ‘काकतालीय न्याय’ म्हणतात. तिथे कावळा ताडावर येतो आणि त्याच क्षणी ताडाचे फळ खाली पडते. दोन घटना एका वेळी घडल्या म्हणून त्यांत कार्यकारणसंबंध असतोच असे नाही, हा या न्यायाचा बोध. मात्र म्हणीत एक गोष्ट सांगायची राहून जाते. दररोज कितीतरी कावळे कितीतरी फांद्यांवर बसतात आणि एकही फांदी तुटत नाही. ते कावळे कोणी मोजत नाही. आठवलेले गाणे रेडिओवर लागले नाही, असे प्रसंगही आपल्या आयुष्यात शेकडो येऊन गेलेले असतात. ते स्मरणात राहत नाहीत, कारण सांगण्यासारखे त्यांत काही नसते. योगायोगाचे नवल हे बरेचसे आपल्या स्मरणाच्या या निवडीतून निर्माण होते.

आता दोन केंद्रांवर एकाच वेळी एकच गाणे लागण्याचा प्रसंग घेऊ. समजा, एखादे नवे लोकप्रिय गाणे चार मिनिटांचे आहे आणि शहरातील प्रत्येक केंद्र ते साधारण तीन तासांनी एकदा लावते. तीन तास म्हणजे १८० मिनिटे. म्हणजे कोणत्याही क्षणी एखाद्या केंद्रावर ते गाणे चालू असण्याची शक्यता ४५ मध्ये एक इतकी आहे. ही शक्यता अगदी लहान वाटते. परंतु ते गाणे एका केंद्रावर ऐकत असताना तुम्ही उरलेली पाच केंद्रे फिरवून पाहिली, तर त्यांपैकी एकावर तरी ते सापडण्याची शक्यता साधारण दहात एक होते. दररोज कामावर जाता-येता केंद्रे बदलत राहणाऱ्या माणसाला असा ‘योगायोग’ महिन्यातून दोन-तीनदा अनुभवास आला, तर त्यात नवल नाही. तो आला नाही तरच नवल.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. एका घागरीत ५०० गाण्यांच्या चिठ्ठ्या आहेत अशी कल्पना करा. एक चिठ्ठी काढायची, गाणे लावायचे, चिठ्ठी परत घागरीत टाकायची आणि पुन्हा काढायची. एखादे गाणे दुसऱ्यांदा निघण्याची शक्यता निम्म्याहून अधिक व्हायला किती चिठ्ठ्या काढाव्या लागतील? बहुतेकजण अडीचशेच्या आसपासचा आकडा सांगतात. खरे उत्तर आहे २७. तासाला बारा गाणी लागतात असे धरले, तर सव्वादोन तासांत हे घडते. एका खोलीत २३ माणसे असली, तरी त्यांतील कोणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, हे प्रसिद्ध कोडे याच गणितावर आधारलेले आहे.

थोडक्यात, पूर्णपणे स्वैर निवड केली तरी आवृत्ती टळत नाही. आपल्या मनाला मात्र स्वैरता म्हणजे ‘सर्व काही सारखे पसरलेले’ असे वाटते. म्हणूनच गाण्यांचे यंत्र खरोखर स्वैर गाणी वाजवू लागले की, एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ आल्यावर ऐकणाऱ्याला शंका येते. २००५ साली ॲपल कंपनीने आपल्या संगीत-प्रणालीत एकाच गायकाची गाणी किती दूर पडावीत हे ठरवण्याची सोय दिली. २०१४ साली स्पॉटिफायने एकाच गायकाची गाणी यादीत मुद्दाम पसरवणारी पद्धत स्वीकारली. निवड अधिक स्वैर वाटावी म्हणून तिची स्वैरता कमी करावी लागली, ही त्यातील गंमत.

३. यादी कशी तयार होते?

व्यापारी रेडिओ केंद्र घागरीतून चिठ्ठ्या काढत नाही. तिथे तासाचा आराखडा आधी आखलेला असतो : इतक्या मिनिटांनी जाहिरात, इतक्या मिनिटांनी निवेदन, आणि मधल्या जागांत गाणी. गाण्यांचे गट पाडलेले असतात. सध्या गाजत असलेली गाणी एका गटात, काही महिन्यांपूर्वी गाजलेली दुसऱ्यात, जुनी सदाबहार तिसऱ्यात. प्रत्येक गटाला तासात ठरावीक जागा मिळतात. एका गायकाची दोन गाणी जवळजवळ येऊ नयेत, दोन संथ गाणी लागोपाठ येऊ नयेत, असे नियमही असतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हे काम संगणकाकडे जाऊ लागले.

या व्यवस्थेतून एक वेगळाच ‘योगायोग’ जन्माला येतो. समजा, सर्वांत लोकप्रिय गटात सहा गाणी आहेत, त्या गटाला तासात दोन जागा आहेत, आणि गाणी एकामागून एक क्रमाने लागतात. दिवसभरात अशा ४८ जागा होतात. ४८ ला सहाने पूर्ण भाग जातो. परिणामी प्रत्येक गाणे दररोज नेमक्या त्याच वेळी लागेल. सकाळी आठची एस.टी. पकडणारा प्रवासी रोज एकच गाणे ऐकेल आणि केंद्राकडे एकच गाणे आहे असे त्याला वाटेल. आता गाण्यांची संख्या सात करा. ४८ ला सातने पूर्ण भाग जात नाही, म्हणून गाण्याची वेळ रोज सरकत जाते आणि बरोबर सात दिवसांनी मूळ जागी येते. मग त्याच प्रवाशाला ‘दर सोमवारी हेच गाणे’ असा अनुभव येईल. त्यामागे ना दैव आहे, ना निवेदकाची लहर. आहे तो साधा भागाकार.

थोडीच गाणी वारंवार लावण्याच्या पद्धतीला व्यापारी धोरणाचे रूप मिळाले ते १९५० च्या दशकातील अमेरिकेत. ओमाहा शहरातील रेडिओ केंद्राचा चालक टॉड स्टॉर्झ याच्याविषयी अशी कथा सांगितली जाते की, खाणावळीतील नाणे टाकून चालणाऱ्या संगीतपेटीवर गिऱ्हाईक दिवसभर तीच ती गाणी लावतात आणि काम संपल्यावर तिथली सेविकाही स्वतःचे पैसे टाकून पुन्हा तेच गाणे ऐकते, हे त्याने पाहिले. कथेचा तपशील कसाही असो, त्यातून निघालेले सूत्र पुढे सर्वत्र पसरले : लोकांना अनेक गाणी नको असतात, आवडती गाणी अनेकदा हवी असतात. या सूत्राला लवकरच कीडही लागली. गाणे वारंवार वाजवण्यासाठी निवेदकांना गुपचूप पैसे दिले जात असल्याचे प्रकरण १९५९ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले, आणि १९६० मध्ये असा छुपा मोबदला कायद्याने गुन्हा ठरला. वारंवार वाजण्याला किंमत असते, हे पैसे देणाऱ्यांनी अचूक ओळखले होते.

४. आवृत्तीचे मोल

येथवर वाचून आवृत्ती म्हणजे व्यापाऱ्याची युक्ती, असा ग्रह होण्याचा संभव आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने तो करून घेऊ नये. आपल्या परंपरेत आवृत्तीला फार मोठे स्थान आहे. वारकरी दररोज तोच हरिपाठ म्हणतो; ज्ञानेश्वरीची पारायणे पिढ्यान्‌पिढ्या होतात; जात्यावरच्या ओव्या एका आईकडून लेकीकडे जातात त्या पुन्हा पुन्हा गायल्यामुळेच. काव्यशास्त्राने पुनरुक्तीला दोष म्हटले, तरी पदातील ध्रुवपदाला कोणी दोष म्हटले नाही. याचे कारण ध्रुवपद परत येते तेव्हा मधल्या कडव्याने काहीतरी नवे आणलेले असते. शब्द तेच राहतात, अर्थ पुढे सरकलेला असतो. कडव्यांचे हे बळ सुटले की, ध्रुवपदाचे ‘पालुपद’ होते. मूळ अर्थ गाण्याचा असलेला हा शब्द व्यवहारात कंटाळवाण्या रडगाण्यासाठी वापरला जातो, हा भाषेने केलेला मार्मिक निवाडाच होय.

रेडिओच्या इतिहासातही आवृत्तीची सुंदर उदाहरणे आहेत. रेडिओ सिलोनच्या सकाळच्या जुन्या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमाची अखेर कुंदनलाल सैगल यांच्या गाण्याने होत असे. श्रोत्यांना त्याचा कंटाळा आला नाही. सैगलांचा स्वर ही त्यांच्या घरातील घड्याळाची खूण झाली. १९५२ पासून अमीन सायानी यांनी सादर केलेल्या ‘बिनाका गीतमाला’ या कार्यक्रमात अनेक आठवडे तीच गाणी येत. पण त्यांचे क्रमांक वर-खाली होत आणि त्या चढउताराची कथा ऐकण्यासाठी लोक वाट पाहत.

मराठीपुरते सर्वांत मोठे उदाहरण अर्थातच ‘गीतरामायण’. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून त्याचा आरंभ झाला. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत लाभलेली ५६ गीते सुमारे वर्षभर प्रसारित झाली. त्यांच्या प्रसारणाची पद्धत आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. दर शुक्रवारी सकाळी एक नवे गीत येई, आणि तेच गीत शनिवारी व रविवारी पुन्हा ऐकवले जाई. म्हणजे इथेही आवृत्ती होती, नेमलेली वेळ होती, आखलेला क्रम होता. फरक इतकाच की, आवृत्ती नव्या गीताच्या वाट्याला आली होती. कोणीही पूर्वी न ऐकलेले गाणे तीन दिवसांत श्रोत्याच्या ओठांवर बसे आणि पुढच्या शुक्रवारी दुसरे नवे गाणे येई.

५. आवडीचे वर्तुळ

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. तीच ती गाणी का लावता, असे विचारल्यास केंद्रचालकांचे उत्तर ठरलेले असते : ‘लोकांना हेच आवडते.’ हे उत्तर खोटे नाही. पण ते अपुरे आहे. १९६८ साली मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांनी दाखवून दिले की, अपरिचित शब्द, चिन्हे किंवा चेहरे नुसते वारंवार समोर आले, तरी माणसाला ते अधिक आवडू लागतात. परिचय हा आवडीचा मोठा स्रोत आहे. मग ‘आवडते म्हणून लावतो’ या विधानाच्या पाठीशी ‘लावतो म्हणून आवडते’ हे दुसरे विधान उभेच असते. गाण्यांचे छोटे तुकडे श्रोत्यांना ऐकवून त्यांची पसंती विचारण्याची पद्धत व्यापारी केंद्रांनी अवलंबली आहे. अशा चाचणीत ओळखीचे गाणे अनोळखी गाण्यावर मात करणार, हे सांगायला नको. काल जे वाजले त्याला आज मत मिळते, आणि आज मत मिळाले म्हणून ते उद्या वाजते. हे वर्तुळ पूर्ण होताना नव्या गाण्याला आत शिरायला फट राहत नाही.

जुन्या काळी श्रोत्याच्या खऱ्या आवडीला वाव होता, असे मानणेही भोळेपणाचे ठरेल. त्या काळी फर्माईशी पत्राने येत. आज झारखंडमध्ये असलेल्या झुमरी तलैया या लहान गावातील हौशी श्रोत्यांनी इतकी पत्रे पाठवली की, त्या गावाचे नाव देशभर झाले. देशाची आवड म्हणून जे ऐकू येई, त्यात चिकाटीने पोस्टकार्डे लिहिणाऱ्यांचा वाटा फार मोठा होता. मुंबई आकाशवाणीच्या ‘आपली आवड’ या कार्यक्रमाच्या नावातील ‘आपली’ या शब्दाचा विचारही असाच करावा लागतो. ज्याने पत्र लिहिले नाही, त्याची आवड कोणी मोजली?

याच्या उलट टोकाचा प्रयोगही आपण केला आहे. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री असलेल्या बा. वि. केसकरांनी शास्त्रीय संगीताचा आग्रह धरून आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना लगाम घातला. श्रोत्यांनी रेडिओची सुई सरळ सिलोनकडे वळवली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीते आकाशवाणीवर मानाने परतली. यातून घ्यायचा धडा स्पष्ट आहे : वरून लादलेली अभिरुची टिकत नाही. तेव्हा आजच्या स्थितीवर ‘लोकप्रिय गाणी बंद करा’ हा उपाय असू शकत नाही.

मराठीची अडचण येथे दुहेरी आहे. २००१ पासून भारतात खासगी एफ.एम. केंद्रे सुरू झाली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत त्यांच्यावर हिंदी चित्रपटगीतांचा भरणा राहिला. ज्या केंद्रावर मराठी गाणे लागते, तिथेही निवडणाऱ्याचा हात सहसा सर्वांना पाठ असलेल्या मोजक्या गाण्यांकडेच जातो. म्हणजे मराठी गाण्याला आधी भाषेच्या दारात थांबावे लागते, आणि ते दार उघडले तरी नव्या मराठी गाण्याला ओळखीच्या दारात अडवले जाते.

या संदर्भात फ्रान्सचा अनुभव बोधप्रद आहे. तेथील १९९४ च्या कायद्याने रेडिओवरील गाण्यांत ४० टक्के गाणी फ्रेंच भाषेतील असावीत आणि त्यांतील निम्मी नव्या कलावंतांची किंवा नव्या निर्मितीची असावीत, असे बंधन १९९६ पासून आले. केंद्रांनी त्यावर तोडगा काढला. मोजकीच फ्रेंच गाणी वारंवार वाजवून टक्केवारी भरता येऊ लागली. म्हणून २०१६ मध्ये कायद्यात आणखी एक तरतूद झाली : फ्रेंच गाण्यांच्या एकूण प्रसारणांपैकी निम्म्याहून अधिक प्रसारणे केवळ दहा गाण्यांची असतील, तर त्यापुढील त्यांच्या आवृत्त्या मोजणीत धरल्या जाणार नाहीत. भाषेला जागा देणे आणि भाषेतील विविधतेला जागा देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या तरतुदीतून स्पष्ट होते. रेडिओवर मराठी हवी, अशी मागणी करताना आपण बहुधा पहिल्या गोष्टीवरच थांबतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, हवे ते गाणे हवे तेव्हा मिळते. मग रेडिओच्या यादीची एवढी चिंता कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण तो अर्ध्यावर थांबतो. मोबाइलवर शोधायला गाण्याचे नाव तरी ठाऊक असावे लागते. आणि तिथे सुचवली जाणारी गाणीही आपण पूर्वी काय ऐकले यावरूनच मुख्यतः ठरतात. तेही वर्तुळच, फक्त एकट्याचे. न मागितलेले गाणे, एकाच वेळी, हजारो अनोळखी माणसांच्या कानी घालण्याचे सामर्थ्य अजूनही रेडिओकडेच आहे.

हे सामर्थ्य कसे वापरावे याचे उत्तर पुणे केंद्राने १९५५ सालीच देऊन ठेवले आहे. आठवड्याला एक नवे मराठी गाणे निवडावे. त्याला ठरलेली वेळ द्यावी. त्या आठवड्यात ते गाजलेल्या गाण्यासारखेच वारंवार लावावे. कवी, संगीतकार आणि गायक यांची नावे प्रत्येक वेळी सांगावीत. मग श्रोत्याने ते खुशाल नाकारावे. नाकारण्यासाठीही गाणे आधी कानी पडावे लागते, आणि एकदा ऐकून कोणतेच गाणे पुरते कळत नाही. लोकप्रिय गाण्यांच्या तासाला यामुळे धक्का लागत नाही. आवृत्तीची जी पुंजी केंद्राकडे आहे, तिचा लहानसा भाग नव्यावर लावण्याची ही मागणी आहे.

६. समारोप

रेडिओवर तेच गाणे पुन्हा लागले की, आता तुम्ही तीन प्रश्न विचारू शकाल. हे निव्वळ संभाव्यतेने घडले का? यामागे यादीचा नियम आहे का? नियम असेल, तर त्यात कोणाच्या आवडीचा हिशेब धरला आहे आणि कोणाचा वगळला आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे गणित देते. तिसरा प्रश्न संस्कृतीचा आहे आणि त्याचे उत्तर श्रोत्याने मागितल्याशिवाय मिळत नाही. ज्यांनी पोस्टकार्डे लिहिली, त्यांची आवड देशाची आवड ठरली, हे झुमरी तलैयाच्या श्रोत्यांनी दाखवून दिले आहे. नव्या मराठी गाण्यासाठी केंद्राला चार ओळी लिहिणे आपल्यालाही अवघड नाही.

स्वाध्याय

१. सलग तीन दिवस, एकाच वेळी, एकाच रेडिओ केंद्रावरील तासाभराची गाणी क्रमाने नोंदवा. कोणती गाणी पुन्हा आली? त्या आवृत्तीमागे योगायोग आहे की नियम, याविषयी दहा ओळींत मत मांडा.

२. ‘ध्रुवपद’ आणि ‘पालुपद’ या शब्दांच्या अर्थांतील फरक तुमच्या परिसरातील उदाहरणांनी स्पष्ट करा.

३. ‘लोकांना हेच आवडते’ या विधानाची चिकित्सा करा. हे विधान रेडिओखेरीज आणखी कोणत्या क्षेत्रांत ऐकू येते?

४. आकाशवाणीच्या जवळच्या केंद्राला, नवी मराठी गाणी ठरावीक वेळी ऐकवावीत अशी विनंती करणारे औपचारिक पत्र लिहा.